घोणसाचे विष आणि रक्त साकळण्याचा इतिहास



नंदगडला बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला दोन जागा दाखवतो. एक संगोळ्ळी रायण्णाची समाधी आणि दुसरी, २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला फाशी दिले ती जागा. गावाचा इतिहास विचारला की आपण तेवढाच सांगतो, आणि ते योग्यही आहे. यंदाच्या मालेसाठी विषय विचारला गेला तेव्हा माझ्याकडूनही असेच काहीतरी अपेक्षित असावे. पण मी पडलो डॉक्टर. इतिहासाची पुस्तके सांडलेल्या रक्ताबद्दल पुष्कळ सांगतात. सांडणारे रक्त थांबते कसे, हे माणसाला केव्हा आणि कोणामुळे कळले, त्याचाही एक इतिहास आहे. त्यातली बरीच पाने आपल्याच शेताच्या बांधावर, आपल्याच भाताच्या गंजीखाली लिहिली गेली आहेत. लिहिणारा घोणस.

घोणस तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. जाड अंग, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या तपकिरी गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि डिवचला तर कुकरच्या शिटीसारखा लांबलचक फूत्कार. शेजारच्या कन्नड घरांत त्याला कोळकु मंडल म्हणतात. या ‘मंडल’ शब्दापाशी जरा थांबावेसे वाटते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे प्रकार केले आहेत. फणा काढणारा तो दर्वीकर, अंगावर वर्तुळे असणारा मंडली, रेघा असणारा राजिमंत. मंडली डसला तर सूज येते, आग होते, दंशाची जागा सडते आणि वरच्या व खालच्या मार्गांनी रक्त जाते, असे तिथे नोंदवले आहे. सूक्ष्मदर्शक नसताना, नुसत्या डोळ्यांनी केलेले हे निरीक्षण आजही खोडून काढण्यासारखे नाही. रक्त ‘जाते’ हे त्यांना दिसले. का जाते, हे कळायला फार काळ लागला.

इंग्रजी पुस्तकांत हा साप रसेलच्या नावाने ओळखला जातो. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य. आधी सीरियातल्या अलेप्पोला होता, नंतर भावाबरोबर विशाखापट्टणमला आला आणि कंपनी सरकारचा वनस्पतितज्ज्ञ झाला. कंपनीला चिंता होती ती आपले शिपाई आणि नोकर साप चावून मरतात याची. रसेलने कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा केले, त्यांची चित्रे काढवून घेतली, कोंबड्यांना आणि कुत्र्यांना दंश करवून काय होते ते लिहून ठेवले आणि १७९६ मध्ये त्याचे मोठे पुस्तक निघाले. या सापाचे नाव त्याने तेलुगू लोकांनी सांगितले तसे ‘कतुक रेकुल पोड’ असे दिले आहे. पुढच्याच वर्षी शास्त्रीय नावात रसेलचे नाव जोडले गेले. ज्यांनी साप धरून आणून दिले आणि त्याचे नाव सांगितले त्यांची नावे कुठेच राहिली नाहीत. हे असे नेहमीच होते, त्यावर आता काय बोलणार.

खरी गाठ सुटायला लागली ती मुंबईत. प्लेगच्या साथीत १८९६ साली सुरू झालेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. हे नाव तिला १९२५ साली मिळाले. तिथे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जॉर्ज लँब नावाच्या लष्करी डॉक्टरने नाग आणि घोणस यांची विषे शेजारी शेजारी ठेवून तपासली. नागाच्या विषाने श्वास बंद पडत होता. घोणसाच्या विषाची तऱ्हा विचित्र होती. जनावराला मोठी मात्रा दिली तर रक्त शिरांतल्या शिरांत गोठून ते तडकाफडकी मरे. थोडी थोडी मात्रा दिली तर उलटेच होई, म्हणजे रक्त साकळायचे साफ विसरून जाई. ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यांना तिथल्या एका सापाच्या विषात हेच दिसले होते.

एकच विष रक्त गोठवतेही आणि गोठू देतही नाही, हे कसे? तुम्हीही क्षणभर हा प्रश्न मनात धरा. उत्तरासाठी आधी आपल्या बोटाला विळी लागल्यावर काय होते ते पाहावे लागेल.

विळी लागली की पहिल्यांदा ती बारीक रक्तवाहिनी स्वतःच आवळली जाते. मग रक्तातले प्लेटलेट तिथे येऊन चिकटतात. डेंग्यूच्या साथीपासून हा शब्द आपल्या गावात सर्वांच्या तोंडी झाला आहे. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि एकेकाचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. इटलीच्या बित्सोझेरोने १८८२ मध्ये त्यांचे हे काम दाखवून दिले. पण प्लेटलेटचा बोळा कच्चा. त्यावर जाळे विणले गेले तरच तो टिकतो. हे जाळे फायब्रिन नावाच्या धाग्यांचे. धागे आधीपासून तयार नसतात, नाहीतर रक्त वाहिलेच नसते. रक्तात विरघळलेले असते ते फायब्रिनोजेन, दर १०० मिलिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम. त्याचे धागे करते थ्रॉम्बिन. थ्रॉम्बिनही तयार नसते, ते प्रोथ्रॉम्बिनपासून व्हावे लागते. १९०५ मध्ये पाउल मोराविट्झ या जर्मन वैद्याने एवढे चित्र नीट मांडले: जखमी पेशीतून येणारा एक पदार्थ, कॅल्शियम, प्रोथ्रॉम्बिन आणि फायब्रिनोजेन.

यात विरजणाची उपमा मला फार जवळची वाटते. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, कारण लागलेले दही पुढचे दही लावत जाते. थ्रॉम्बिनचे तसेच. थोडेसे तयार झाले की ते आपल्या आधीच्या पायऱ्यांना हाक मारून आणखी थ्रॉम्बिन करवून घेते. फरक इतकाच की रात्रभर वाट पाहायला शरीराला सवड नसते, काही मिनिटांत काम उरकावे लागते. आणि दही एकदा लागले की पातेल्याच्या काठापर्यंत लागते. रक्त मात्र जखमेपुरतेच साकळले पाहिजे. म्हणून रक्तात विरजण मारणारे पदार्थही असतात आणि काम झाल्यावर धागे विरघळवणारे प्लाझमिनही असते. साकळणे आणि न साकळणे यांचा हा हिशोब दिवसरात्र चालू असतो. तो बिघडला की एका बाजूला रक्तस्राव आणि दुसऱ्या बाजूला गुठळी. आमच्याकडे येणारा लकव्याचा रोगी पुष्कळदा या दुसऱ्या बाजूचा असतो.

मोराविट्झच्या चित्रात जागा रिकाम्या होत्या. त्या भरल्या गेल्या त्या बहुतेक रोग्यांमुळे. कुणाचे रक्त थांबत नाही, म्हणजे काहीतरी कमी आहे. दुसऱ्या तशाच रोग्याचे रक्त मिसळल्यावर दोघांचेही साकळते, म्हणजे दोघांत वेगवेगळी गोष्ट कमी आहे. असे करत करत एकेक घटक सापडत गेला, आणि त्यांना रोग्यांची नावे पडू लागली. शेवटी नावांचा एवढा गोंधळ झाला की एका आंतरराष्ट्रीय समितीने त्यांना रोमन आकडे दिले. त्यात सहावा आकडाच नाही, कारण सहावा म्हणून धरलेला घटक वेगळा नसल्याचे नंतर उघडकीला आले. आमच्या वेळी परीक्षेत हा प्रश्न हमखास असे.

आणि इथे घोणस पुन्हा येतो. १९३४ साली लंडनमध्ये ग्वीन मॅकफर्लेन नावाचा तरुण डॉक्टर हिमोफिलियाच्या रोग्यांवर काम करत होता. हिमोफिलियात दात काढला तरी दिवसेंदिवस रक्त वाहत राहते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बर्जेस बार्नेट हे सापांचे प्रमुख होते. दोघांनी मिळून निरनिराळ्या सापांची विषे रक्तावर घालून पाहिली. घोणसाचे विष दहा हजारांत एक भाग एवढे पातळ केले तरी हिमोफिलियाचे रक्त झटक्यात साकळत होते. कापसाच्या बोळ्यावर ते पाणी घेऊन दाताच्या खाचेत दाबले की रक्त थांबे. बरोज वेलकम कंपनीने ते ‘स्टिप्वेन’ नावाने बाजारातही आणले.

दहा हजारांत एक, हे प्रमाण ऐकून होमिओपॅथीवाले कान टवकारतील. आमच्या भाषेत ती दुसरी शततमान पोटेन्सी होते. आमचे कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी १८२८ साली सुरिनाममध्ये लॅकेसिस या सापाच्या विषापासून औषध केले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो आणि मीही सांगतो. पण मॅकफर्लेन यांचे काम हा होमिओपॅथीचा विजय नव्हे. तिथे विष विष म्हणूनच, उघड्या जखमेवर, आपल्या रासायनिक गुणाने काम करत होते. हे स्पष्ट बोलल्याने माझ्या व्यवसायबंधूंना राग आला तर येऊ दे.

ते काम करत होते कुठे, हे कळले १९५० च्या दशकानंतर. प्रॉवर आणि स्टुअर्ट या आडनावांच्या दोन रोग्यांत एक नवाच घटक कमी सापडला. तोच पुढे दहावा झाला. घोणसाच्या विषातले एक विकर थेट या दहाव्या घटकाला जागे करते. आधीच्या पायऱ्या चढायची त्याला गरजच नाही. हिमोफिलियात उणीव असते आठव्या किंवा नवव्याची, म्हणून ती अडचण घोणसाला आडवीच येत नाही. दुसरे एक विकर पाचव्याला जागे करते. फुरशाचे विष आणखी पुढे जाऊन थेट प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालते. कोणत्या पायरीवर कोणता साप घुसतो हे पाहता पाहता पायऱ्यांचा क्रमच उलगडत गेला. १९६४ मध्ये मॅकफर्लेन यांनी हा सगळा क्रम धबधब्यासारखा एकाखाली एक मांडून दाखवला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीही तसाच मांडला. आज वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या रक्ताची जी एक तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते, तिच्यात पातळ केलेले घोणसाचे विषच वापरतात. हृदयविकारात देण्याचे टायरोफिबॅन हे औषध फुरशाच्या विषातल्या एका रेणूवरून घडवले आहे.

आता लँबच्या कोड्याचे उत्तर तुम्हीच द्याल. विष रक्तात गेले की दहावा घटक सगळीकडे एकदम जागा होतो. जखम नाही तिथेही बारीक बारीक जाळी विणली जातात आणि प्लाझमिन ती तोडत जाते. विष एकदम खूप गेले तर मोठ्या शिरा तुंबतात. माणसाला चावल्यावर बहुतेकदा तसे होत नाही; फायब्रिनोजेनचा साठा मात्र तासाभरातही संपू शकतो. पेरणीच्या आधीच कुणी घरातले सगळे बियाणे रस्त्यावर उधळून टाकावे, तसे. मग हिरडीतून, लघवीतून, जुन्या खपलीखालून रक्त येऊ लागते आणि थांबवायला आत काही उरलेले नसते. त्यातच मूत्रपिंडे निकामी होतात.

हे मला कळायला हवे होते त्याहून उशिरा कळले. १९८९ चा नोव्हेंबर असावा, सुगी चालू होती. दवाखाना टाकून मला फार दिवस झाले नव्हते. भाताच्या पेंढ्या उचलताना एका तरुणाच्या पावलाला काहीतरी चावले. साप कुणी पाहिला नव्हता. तो चालत माझ्याकडे आला. दोन बारीक खुणा, थोडी सूज, बऱ्यापैकी दुखत होते. नाडी चांगली, डोळे उघडे, बोलणे स्वच्छ. नागाची लक्षणे मी पाठ केली होती, ती एकही नव्हती. मी जखम धुतली, लेडमच्या पुड्या दिल्या आणि सकाळी ये म्हणालो. खुणांतून रक्त पाझरत होते ते मला दिसत होते. कापूस बदलत होतो. पहाटे त्याला लाल लघवी झाली. खानापूर, तिथून बेळगाव. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याची आई अजून माझ्याकडे गुडघ्याच्या औषधाला येते. पुष्कळ वर्षांनी एकदा तिने विचारले, “डॉक्टर, तवा ते इंजेक्शन व्हतं काय?” मी म्हणालो, “होतं, मावशी.” ती काही बोलली नाही.

त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर काचेच्या नळ्या होत्या आणि हातात सबंध रात्र होती. एवढ्यावर निदान झाले असते. इंग्रज डॉक्टर डेव्हिड वॉरेल यांनी १९७० च्या दशकात नायजेरियात, आपल्या फुरशाच्याच जातभाईने चावलेल्या रोग्यांवर ही साधी तपासणी वापरून ठेवली होती. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, स्वच्छ कोरड्या नव्या काचेच्या नळीत घालायचे, वीस मिनिटे अजिबात हलवायचे नाही. मग एकदाच नळी कलती करायची. रक्त वाहिले, तर घोणस किंवा फुरसे यांपैकी कुणीतरी आत काम करत आहे.

नळी काचेचीच का, याची गोष्ट सांगतो. रक्त काचेला लागले की साकळण्याचा आणखी एक मार्ग सुरू होतो. प्लॅस्टिकला लागून तो तसा सुरू होत नाही. साबणाने धुतलेल्या बाटलीतही गफलत होते. हा मार्ग कळला तो जॉन हेजमन नावाच्या रेल्वे कामगारामुळे. पोटाच्या शस्त्रक्रियेआधी त्याचे रक्त तपासले तर ते काचेत साकळेचना. पण त्याला कधी जखमेतून जास्त रक्तस्राव झाल्याचा इतिहास नव्हता. रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्यात कमी असलेला घटक बारावा. नळीतल्या रक्ताला त्याची गरज लागते, अंगातल्या जखमेला फारशी लागत नाही. दैव पाहा, ज्याचे रक्त साकळत नाही म्हणून ओळखला गेला तो हेजमन १९६८ मध्ये हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी जाऊन वारला.

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. नळीत रक्त साकळले म्हणजे धोका टळला असे नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते, रक्त जसेच्या तसे साकळते आणि माणसाचा श्वास बंद पडतो. घोणस चावूनही पहिल्या तासात नळी ‘चांगली’ दिसू शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. आपल्या घाटातल्या पाचोळ्यात आखूड, नाक वर उचललेला एक साप असतो. त्याच्या विषानेही रक्त बिघडते, पण सध्याची लस त्यावर चालत नाही.

लस म्हणजे काय, तर घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष. फ्रान्सच्या काल्मेतने १८९४-९५ च्या सुमारास ते पहिल्यांदा तयार केले आणि नागाच्या विषावरचे प्रतिविष सगळ्या सापांना चालेल असे त्याला वाटले. परळच्या लँबनेच दाखवले की घोणसापुढे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रित लस असते. तिच्या एका मिलिलिटरने घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष मारले जाते, म्हणून एक बाटली पुरत नाही. सुरुवातच बहुधा आठ-दहा बाटल्यांनी होते. आमच्या बस्तीत पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागाची फणा आहे, आणि घोड्याच्या रक्तातून निघणाऱ्या या औषधाबद्दल लहानपणापासून मुंगीला जपायला शिकलेल्या माझ्या मनात काय चालते हे मी कधी कुणाला सांगितले नाही. रोगी समोर असला की मी त्याला ती घ्यायलाच पाठवतो. लॅकेसिस, क्रोटॅलस, व्हायपेरा, सगळ्या बाटल्या माझ्या कपाटात आहेत. दंश झालेल्या माणसासाठी त्यांतली एकही मी उघडत नाही.

लस दिल्यावर सहा तासांनी नळी पुन्हा लावतात. सहाच का? लसीने विष मारले, तरी उधळलेले बियाणे परत येत नाही. यकृत नवे फायब्रिनोजेन करते, आणि रक्त साकळण्याइतके ते साठायला साधारण सहा तास लागतात. ‘लस दिली तरी रक्त थांबत नाही’ म्हणून पहिल्या तासाभरात डॉक्टरांवर ओरडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेले नसते.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची केली. माझ्या १९८९ च्या रोग्याची नोंद कुठल्या कागदावर झाली असेल, असे मला पुष्कळदा वाटते.

तुमच्यापैकी पुष्कळांची खानापूर तालुक्यात अजून शेती आहे, स्वतः पुण्यात किंवा बेळगावात राहत असलात तरी. तुमच्या शेतात राबणाऱ्याला दंश झाला तर पाय दोरीने आवळू नका. चिरा देऊ नका, कारण घोणसाच्या दंशात चिरलेली जागा बंदच होत नाही. पाय हलू देऊ नका, चालवू नका, मिळेल त्या गाडीत घाला आणि जिथे लस आहे तिथेच न्या. निघताना घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. वाटेत माझा दवाखाना लागेल. तिथे गाडी थांबवू नका. लांबून हाक मारा, म्हणजे पुढच्या दवाखान्याला फोन करून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात एका घराने तसेच केले. रात्री अकराला हाक आली, आणि सकाळी सहाच्या सुमाराला त्या मुलाच्या बापाचा फोन, नळीतले रक्त साकळले म्हणून.